ऑफिसची कॉन्फरन्स कुठे घ्यायची? मुंबईतून पहिल्यांदाच जागा शोधणाऱ्यांसाठी

"ॲन्युअल मीटचं बघून घे, दीडशे माणसं आहेत, दोन दिवस, गोवा वगैरे बघ कुठेतरी." मुंबईतल्या बहुतेक ऑफिसात हे काम असं एका वाक्यात येतं आणि एचआर किंवा ॲडमिनमध्ये जो सगळ्यात नवीन असेल त्याच्या गळ्यात पडतं. मग तो बिचारा लगेच गुगलवर रिसॉर्ट शोधायला बसतो, स्विमिंग पूलचे फोटो बघतो, दहा ठिकाणाहून कोटेशन मागवतो आणि आठवडाभराने जास्तच गोंधळतो. मी बरीच वर्षं हेच काम करतेय आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते की जागेचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. आधी काम, मग माणसं, मग प्रवासाचे तास, मग तारीख आणि पैसे, या क्रमाने गेलात की यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते आणि मग निवडणं सोपं जातं.

१. आधी विचारा, जमायचं कशासाठी?

साहेबांकडे परत जा आणि स्पष्ट विचारा, दोन दिवसांनी सगळे घरी परत जातील तेव्हा काय झालेलं असायला हवं? उत्तर एका वाक्यात लिहून घ्या आणि शक्य असेल तर मेलवर कन्फर्म करून घ्या, कारण पुढे कोणी म्हणालं की "अरे पण समुद्र का नाही?" तर हेच वाक्य कामाला येतं.

सेल्स टीमला वर्षाचं टार्गेट समजावायचंय तर चांगला हॉल आणि चांगला आवाज लागतो, बीच नसला तरी चालतं. नवीन सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग असेल तर लोणावळ्याचं धुकं काही उपयोगाचं नाही, प्रत्येकाच्या टेबलाशी प्लग पॉइंट पाहिजे. डीलर मीट वेगळीच गोष्ट आहे, तिथे सांगली-जळगाव-नांदेडहून माणूस स्वतःचं दुकान दोन दिवस दुसऱ्याच्या भरवशावर टाकून येतो, त्याला मान मिळाला पाहिजे, जेवण उत्तम पाहिजे आणि जमलं तर बायकोला आणता आलं पाहिजे. टार्गेट गाठल्याचं बक्षीस म्हणून ट्रिप असेल तर तिथे अजेंडा कमीच ठेवा, लोकांना खरंच फिरू द्या. आणि दहा-बारा सिनियर मंडळींनी बसून पुढच्या तीन वर्षांचं ठरवायचं असेल तर त्यांना शांत जागा द्या, मोठ्या रिसॉर्टमध्ये शेजारी लग्न चालू असताना हे काम होत नाही.

२. माणसं मोजा, आणि ती राहतात कुठे ते लिहा

एक एक्सेल शीट करा. नाव, फोन, जवळचं स्टेशन, शाकाहारी-मांसाहारी-जैन, रूम कोणाबरोबर चालेल, औषध किंवा चालण्याचा त्रास, घरी लहान बाळ आहे का. यातला "जवळचं स्टेशन" हा कॉलम बरेच जण विसरतात आणि मुंबईत तोच सगळ्यात महत्त्वाचा. ऑफिस लोअर परळला असलं तरी माणसं विरारला, बदलापूरला, पनवेलला राहतात. ऑफिसपासून रिसॉर्ट किती लांब ते बघून काही कळत नाही, माणूस घरून निघतो ना.

३. घराच्या दारापासून हॉलच्या दारापर्यंत तास मोजा

हे नीट बघा, कारण निम्मे निर्णय इथेच होतात.

समजा गोवा ठरलं, दोन दिवस एक रात्र. "सव्वा तासाची तर फ्लाइट आहे" असं सगळे म्हणतात. आता बदलापूरच्या एका सहकाऱ्याचा हिशोब करू. सकाळी साडेसहाची फ्लाइट टी-टूवरून, म्हणजे साडेचारपर्यंत एअरपोर्टला पोचायला पाहिजे. लोकल साधारण रात्री एकनंतर पहाटे चारपर्यंत बंदच असतात, म्हणजे कॅब, म्हणजे पावणेतीनला घरातून निघायचं आणि दोनला उठायचं. ती मुलगी असेल तर एवढ्या रात्री एकटीने कॅबने येणार, ती जबाबदारी कंपनीची. फ्लाइट पावणेआठला मोपाला उतरते, बॅगा येऊन बसमध्ये बसेपर्यंत साडेआठ. हॉटेल बाणावली किंवा कावेलोशीला घेतलं असेल तर मोपा हे गोव्याच्या उत्तरेच्या टोकाला पेडण्यात आणि हॉटेल दक्षिणेला, पुढे बसने दोन तास सहज जातात. साडेदहाला हॉटेल. आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला! म्हणजे रात्री दोनला उठलेला माणूस तोंड धुवायला रूम नाही, बॅग लॉबीत टाकून अकराच्या सेशनला बसलाय, आणि स्टेजवर एमडी पुढच्या वर्षाचं स्वप्न सांगतायत. दुसऱ्या दिवशी परतीची फ्लाइट संध्याकाळची, म्हणजे जेवण झालं की बस. हातात उरतं काय, एक अर्धवट दिवस आणि एक सकाळ.

त्याच माणसांना कर्जतला न्या. कल्याणपलीकडची मंडळी लोकलने थेट कर्जतला उतरतात, बाकीच्यांसाठी ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून आणि दादरवरून सकाळी सात-साडेसातला बस, दहापर्यंत सगळे पोचतात, पोहे-चहा करून साडेदहाला सुरुवात होते आणि माणसं जागी असतात.

मी गोव्याच्या विरोधात नाही हं. गोवा करायचं तर नीट करा. आदल्या संध्याकाळची फ्लाइट घ्या किंवा सरळ दोन रात्री ठेवा, आणि हॉटेल बघूनच एअरपोर्ट निवडा. मोरजी-आश्वेकडे राहणार असाल तर मोपा, दक्षिण गोव्यात असाल तर दाबोळी. तिकीट पाचशे-हजारने स्वस्त मिळालं म्हणून उलटा एअरपोर्ट घेतलात तर ते पैसे बसमध्ये जातात आणि वर वेळही जातो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा की जाणं-येणं मिळून एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसलं पाहिजे. एका दिवसाचा कार्यक्रम असेल तर मुंबई-ठाणे-नवी मुंबईच्या बाहेर जाऊच नका. एक रात्र असेल तर कर्जत, लोणावळा, अलिबाग, इगतपुरी. दोन रात्री असतील तर नाशिक, महाबळेश्वर, गोवा. त्याच्या पुढचं हवं असेल तर तीन रात्री मागून घ्या.

४. तारीख: कालनिर्णय काढा

नवीन लोक कंपनीचं कॅलेंडर बघतात, भिंतीवरचं बघत नाहीत. हॉटेलवाल्याचा धंदा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगल्या तारखेला बँक्वेट हॉल मिळणं मुश्किल, मिळालाच तर रेटमध्ये पैसाही कमी करत नाहीत, कारण त्याच तारखेला दोन पार्ट्या रांगेत असतात. म्हणून कोटेशन मागायच्या आधी विवाह मुहूर्तांचं पान उघडा आणि मुहूर्ताच्या तारखा खोडून टाका. उलट पितृपक्षात, आणि अधिक महिन्यात, जसा २०२३ ला श्रावण होता आणि २०२६ ला ज्येष्ठ, लग्नं नसतात, हॉल रिकामे असतात, तेव्हा हेच बँक्वेट मॅनेजर स्वतः फोन करतात. आपल्याला पॉवरपॉइंट दाखवायला मुहूर्त लागत नाही, तेव्हा या दिवसांचा फायदा घ्या. फक्त टीममध्ये कोणाच्या घरी त्या दिवशी श्राद्ध वगैरे आहे का ते विचारा, ती सवलत न मागता द्यावी.

गणपतीचे दिवस मुंबईकराला मागूच नका, निम्मी मंडळी कोकणात आणि उरलेली घरच्या आरतीत. विसर्जनाच्या दिवशी तर लालबाग-परळ-गिरगाव भागात बस आणायचा विचारही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची मुलं असलेले आईबाप रात्र बाहेर काढायला तयार नसतात आणि ते बरोबरच आहे. एकादशी आणि संकष्टी आली तरी कार्यक्रम होतो, पण किचनला आधी सांगा म्हणजे साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ असं काहीतरी ठेवतात, नाहीतर उपवासवाले दिवसभर फळांच्या प्लेटवर. रमजान असेल तर संध्याकाळचं सेशन इफ्तारच्या वेळेच्या आधी संपवा. ड्राय डे कुठले ते बघा, आणि कुठे निवडणूक आहे का तेही, कारण मतदान संपायच्या ४८ तास आधीपासून दारू बंद होते.

पावसाचं वेगळं सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये रेट पडलेले असतात आणि हिरवळ डोळ्याला बरी वाटते, पण शनिवार-रविवारी लोणावळा घेऊ नका. भुशी डॅमला जाणारी सगळी मुंबई आणि सगळं पुणं त्याच घाटात असतं. पावसात करायचंच असेल तर मंगळवार-बुधवार घ्या, रिसॉर्टवालेही आठवड्याच्या मधल्या दिवसांना जास्त मान तुकवतात.

५. आता ठिकाणं बघा, मुंबईपासून सुरुवात

बाहेरगावाहून पाहुणे येणार असतील तर एअरपोर्टच्या आसपासच राहा. सहार, अंधेरी, मरोळ या पट्ट्यात मोठी हॉटेलं भरपूर, पाहुणा उतरला की अर्ध्या तासात रूममध्ये. मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाल्यापासून टी-टू आणि बीकेसी एकाच लाइनवर आलेत, त्यामुळे हॉटेल मरोळला आणि कॉन्फरन्स बीकेसीत हे आता आरामात जमतं. पूर्वी त्यासाठी बस आणि दीड तास हातात ठेवावा लागायचा.

हजारो माणसांचं मोठं काम असेल तर बीकेसीतलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर, २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं ते तिथेच. प्रदर्शन आणि स्टॉल असतील तर गोरेगावचं नेस्को, हायवेला लागून आहे, जवळ राम मंदिर स्टेशन आणि मेट्रो ७. नेस्कोत तुमचं काही नसलं तरी तिथे त्या आठवड्यात मोठं प्रदर्शन आहे का ते बघून घ्या, असलं तर गोरेगाव-अंधेरीच्या रूम्सचे रेट चढलेले असतात. माणसं ठाणे, नवी मुंबई, पनवेलची जास्त असतील तर वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर स्टेशनला लागून आहे, लोकलने आले, लोकलने गेले.

आणि प्रत्येक गोष्ट फाइव्ह स्टारमध्येच झाली पाहिजे असं नाही. नरिमन पॉइंटचं यशवंतराव चव्हाण सेंटर, वरळीचं नेहरू सेंटर इथे चांगली सभागृहं आहेत. संस्था, असोसिएशन, कमी बजेटवाल्या कंपन्या यांनी तिथे आधी चौकशी करावी. खुर्च्या पक्क्या असतात म्हणून ग्रुप ॲक्टिव्हिटी होत नाहीत, पण भाषणं, पॅनल, बक्षीस समारंभ यांना ती जागा हॉटेलच्या बँक्वेटपेक्षा शोभून दिसते असं माझं मत आहे.

जवळपास: एक-दोन रात्रींचं

कर्जत मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण बस आणि लोकल दोन्हीने जाता येतं. लोणावळा-खंडाळ्यात मोठी हॉटेलं आणि मोठे हॉल जास्त, दोनशेच्या वर माणसं असतील तर कर्जतपेक्षा तिथे सोपं. पण पुणे आणि मुंबई दोन्ही ऑफिसं असतील तरच लोणावळा खरा सोयीचा, दोघांना मध्ये पडतं. एक्सप्रेसवेला शनिवारी सकाळी बस काढू नका, घाटात अडकलात की वेळेचं गणित कोसळतं, गुरुवारी दुपारी निघा.

अलिबागला दोन रस्ते. एक पाण्याचा, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, साधारण तासाभरात, आणि गाड्याही चढवता येतात. लोकांना बोटीचा प्रवास आवडतो, तिथेच अर्धी पिकनिक होऊन जाते. दुसरा अटल सेतूवरून, जानेवारी २०२४ ला सुरू झाला तो, शिवडीहून थेट न्हावा-शेवा. मात्र गेटवेवरून सुटणाऱ्या मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि समुद्र खवळला तर रो-रोच्या फेऱ्याही रद्द होतात, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये अलिबाग असेल तर बस हाताशी ठेवाच. मोठं सामान, स्टेज, एलईडी वॉल हे सगळं रस्त्यानेच पाठवा.

माथेरान सुंदर आहे, पण दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी. पंधरा-वीस जणांची शांत बैठक असेल तर जरूर न्या, स्टेज आणि साउंडवाला कार्यक्रम असेल तर नको.

नाशिक आणि इगतपुरीकडे जाणं आता सोपं झालंय, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, शिवाय सीएसएमटीहून शिर्डीला जाणारी वंदे भारत नाशिक रोडला थांबते. पण २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, त्या काळात नाशिक-त्र्यंबकच्या वाटेला जाऊ नका.

लांबचं

देशभरातून माणसं येणार असतील तर सगळ्यांना थेट फ्लाइट कुठल्या शहराला आहे हेच बघायचं. हैदराबादचं एचआयसीसी हे कन्व्हेन्शन सेंटर त्यासाठी चांगलं, हॉटेल लागूनच आहे, सकाळी कोणाला बसमध्ये बसवावं लागत नाही. दिल्लीत भारत मंडपम आणि द्वारकेची यशोभूमी, दोन्ही कन्व्हेन्शन सेंटरं प्रचंड, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे फ्लाइट लटकतात, तेव्हा पाहुण्या वक्त्याला आदल्या दिवशीच आणून ठेवा. उदयपूर-जयपूर दिसायला राजेशाही आणि हिवाळ्यात लग्नांमुळे महाग. गुजरातेत दारूबंदी आहे, तुमच्या ग्रुपला ते चालणार असेल तर एकतानगर, गांधीनगर ही ठिकाणं उत्तम, नसेल तर तिथे जाऊन परमिटच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

परदेशाचं इथे थोडक्यातच सांगते. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो सगळ्यांकडून पहिल्याच दिवशी मागवा, परतीच्या तारखेनंतर सहा महिने व्हॅलिडिटी पाहिजे, आणि दीडशे माणसांत दहा-पंधरा जणांकडे पासपोर्टच नसतो किंवा संपलेला असतो. त्यांना मागे ठेवून जायचं की सगळ्यांनी देशातच जायचं हे मॅनेजमेंटने ठरवायचं, पण तिकिटं काढायच्या आधी.

६. पैसे: रूमच्या रेटवर जाऊ नका

माणशी एकूण किती पडतं ते काढा. रूम, तीन जेवणं, दोन हाय-टी, हॉल, साउंड-लाइट, बस, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, टॅक्स, बॅनर, भेटवस्तू. स्वस्त वाटणारा रिसॉर्ट इथे महाग निघतो, कारण त्याच्याकडे स्वतःचा प्रोजेक्टर नाही, जनरेटर भाड्याने, आणि बाहेरचा साउंडवाला आणलात तर त्याची वेगळी फी.

टॅक्सचं एक लक्षात ठेवा. एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमला जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के, त्यामुळे ७,४०० आणि ७,६०० मध्ये दिसतं त्याहून बराच जास्त फरक पडतो. दुसरं, हॉटेलच्या रूम आणि हॉलवर टॅक्स हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो. तुमच्या कंपनीचं जीएसटी रजिस्ट्रेशन फक्त महाराष्ट्रातलं असेल तर गोव्याच्या हॉटेलने लावलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे कंपनीच्या जीएसटीतून तो वजा करता येत नाही, तो पूर्ण खर्च धरायचा. लोणावळा आणि गोव्याचं कोटेशन शेजारी ठेवताना अकाउंट्सवाल्यांना किंवा सीएला सोबत बसवा, बऱ्याचदा चित्रच पालटतं.

७. रेकी: स्वतः जाऊन बघा

आता तुमच्याकडे दोन-तीन नावं आहेत. फोटोवर विश्वास नको, व्हिडिओ कॉलवरही नको. जा, आणि बसवाल्याला बरोबर घेऊन जा. बऱ्याच रिसॉर्टचा शेवटचा एक-दीड किलोमीटरचा रस्ता गावातून जातो, तिथे ४५ सीटची बस वळतच नाही, मग हायवेवर उतरवून टेम्पो ट्रॅव्हलरने फेऱ्या माराव्या लागतात. हे फोटोत दिसत नाही आणि रिसॉर्टवाले आपणहून सांगत नाहीत.

हॉलमध्ये गेलात की मॅनेजरला बोलू द्या, पण तुम्ही तुमचं काम करत राहा. पडदे लावायला सांगा आणि दिवे बंद करायला सांगा, दुपारी दोन वाजता हॉलमध्ये खरंच अंधार होतो का बघा, नाही झाला तर प्रोजेक्टरवर काही दिसणार नाही, एलईडी वॉल घ्यावी लागेल आणि ते बजेट वेगळं. शेवटच्या रांगेच्या जागी उभं राहा आणि कोणाला तरी स्टेजच्या जागेवरून नेहमीच्या आवाजात बोलायला लावा. मध्ये खांब आहेत का? हॉल सरकत्या पार्टिशनने दोन केलेला असेल तर पलीकडे त्या दिवशी काय आहे ते विचारा आणि लेखी घ्या, कारण त्या पातळ भिंतीतून संगीताच्या कार्यक्रमाचा ढोलक स्पष्ट ऐकू येतो. फोनवर स्पीड टेस्ट लावा, लॉबीत नको, हॉलच्या मध्यभागी, आणि टीमकडे असतील तेवढ्या कंपन्यांच्या सिमवर. तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क नसणं ही रोजची गोष्ट आहे.

"हॉलमध्ये तीनशे माणसं बसतात" याचा अर्थ नुसत्या खुर्च्या रांगेत लावल्या तर. गोल टेबलं लावून क्लस्टर केलं आणि पुढे स्टेज टाकलं की तेच दीडशेवर येतं. म्हणून मॅनेजरला आकडा विचारू नका, आपल्या मांडणीचा नकाशा मागा. जेवण कुठे लावणार तेही विचारा, हॉलमध्येच मागे बुफे लावणार असतील तर शेवटच्या सेशनला भांड्यांचा आवाज आणि पावभाजीचा वास दोन्ही येणार.

मुंबईतल्या हॉटेलात तर आणखी एक प्रश्न विचारायचाच, आदल्या रात्री हॉल कोणाकडे आहे? रिसेप्शन असेल तर ते बारा-साडेबाराला संपतं, साफसफाई होऊन तुमच्या माणसांना हॉल मिळतो रात्री दोनला, आणि सकाळी नऊला रजिस्ट्रेशन. स्टेज मोठं असेल तर एवढ्यात होत नाही. आदली रात्र ब्लॉक करा, पैसे गेले तरी चालतील. सामानाची लिफ्ट किती मोठी आहे ते टेपने मोजा.

रूम बघताना दाखवतील ती एकच रूम बघू नका. शेवटच्या मजल्यावरची, किचनच्या वरची, सगळ्यात जुन्या विंगची रूम उघडून बघा, कारण तीही कोणाला तरी मिळणार आहे. नळ सोडून गरम पाणी किती वेळात येतं ते बघा. एका वेळी पंच्याहत्तर रूममध्ये सकाळी सातला आंघोळी सुरू झाल्या तर पाणी पुरेल का, हा प्रश्न विचारला की मॅनेजर जरा थांबतो, त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. लिफ्ट नसलेल्या डोंगरावरच्या कॉटेजेस ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना देऊ नका, तुमच्या एक्सेलमध्ये तो कॉलम आहेच.

आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब ते गुगलवर न बघता गाडीने जाऊन बघा.

८. सही करायच्या आधी

कॉन्ट्रॅक्टमध्ये चार गोष्टी शोधा. किमान किती प्लेटचे पैसे द्यावेच लागतील, किती रूम्स कुठल्या तारखेपर्यंत कमी करता येतील, रद्द केलं तर कुठल्या तारखेला किती टक्के जातात, आणि पाऊस, पूर, दरड, सरकारी बंदी यामुळे झालं नाही तर तारीख पुढे ढकलून देतील का. आकडा नेहमी थोडा कमी सांगा. दीडशे म्हणत असतील तर एकशे तीसची हमी द्या, आयत्या वेळी वाढवायला हॉटेल आनंदाने तयार असतं, कमी करायला कधीच नसतं. ऐनवेळी क्लायंट आला, कोणाचं मूल आजारी पडलं, कोणी राजीनामा दिला, असं करत दहा टक्के तरी गळतात.

तोंडी कबूल केलेलं सगळं त्याच संध्याकाळी मेल करा. लेट चेक-आउट, ड्रायव्हरचं जेवण, दोन रूम जास्तीच्या, जैन काउंटर वेगळं, सगळं. बँक्वेट मॅनेजर नोकरी बदलतात आणि नवीन आलेल्याला त्यातलं काही माहीत नसतं.

९. परवानग्या आणि माणसांची काळजी

उघड्या लॉनवर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, रिसॉर्ट शहराबाहेर असला तरी नाही. "आमच्याकडे चालतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, पोलीस आले की तुमच्या कंपनीचं नाव लागतं. डीजे बंद हॉलमध्ये ठेवा किंवा साडेसातलाच सुरू करा. गाणी वाजवायची तर म्युझिकचं लायसन्स लागतं, ते हॉटेल घेणार की तुम्ही ते आधीच ठरवा. दारू असेल तर ज्या जागेकडे स्वतःचं लायसन्स नाही तिथे एक्साइजचं एका दिवसाचं परमिट काढावं लागतं. महाराष्ट्रात बियर-वाइनला वय २१ आणि बाकीला २५ पूर्ण पाहिजे, नवीन लागलेली कितीतरी मुलं २३-२४ ची असतात, हे बारवाल्याला सांगून ठेवा.

ऑफसाइट म्हणजे ऑफिसच. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीने दिलेलं वाहन दोन्ही कामाच्या ठिकाणात धरलेलं आहे. निघायच्या आधी सगळ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगा, अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या कोणाचा तरी फोन नंबर सूचनापत्रावर छापा, आणि मुलींच्या रूम एकाच मजल्यावर, लिफ्टपासून जवळ घ्या. ज्यांना शेअरिंग नको त्यांना कारण विचारत बसू नका, दोन-चार सिंगल रूम जास्त ठेवा. बाळाला पाजणारी आई असेल तर तिला येण्याचा आग्रह नको आणि यायचंच असेल तर बाळ आणि सांभाळणारी आजी दोघांची सोय करा, एका रूमचाच तर प्रश्न असतो.

परतीची वेळ ठरवताना पुन्हा तोच स्टेशनचा कॉलम उघडा. बस दादरला रात्री साडेबाराला पोचली तर विरारवाल्याची शेवटची लोकल जेमतेम मिळेल आणि घाटात वेळ गेला तर मिळणारच नाही. दहापर्यंत सगळ्यांना सोडता येईल अशी निघायची वेळ धरा, आणि त्यासाठी शेवटचं सेशन छोटं करावं लागलं तर करा.

बसचे ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार ते रेकीच्याच दिवशी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यासाठी रूम नसते, ते बसमध्ये डासांत झोपतात आणि दुसऱ्या दिवशी तुमची पन्नास माणसं घेऊन घाट उतरतात. प्रत्येक दोन ड्रायव्हरांमागे एक रूम, अंघोळीची सोय आणि पाहुण्यांना जे जेवण तेच जेवण, हे कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या.